'ओकारिना ऑफ टाइम थ्रीडी' पुन्हा खेळताना : जुन्या आठवणीवर कुठे विसंबावे आणि कुठे नाही

'द लेजेंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम' हा गेम नोव्हेंबर १९९८ मध्ये निन्टेन्डो ६४ या कन्सोलवर आला आणि त्रिमितीय साहसी गेम कसा असावा याचे व्याकरणच त्याने घालून दिले. लिंक हा त्याचा नायक आणि कथा त्याच्या बालपणात व मोठेपणी अशी दोन वयांत घडते. शत्रूवर नजर खिळवून त्याच्याभोवती फिरत लढण्याची पद्धत, परिस्थितीनुसार काम बदलणारे एकच बटण, वाद्यावर सूर वाजवून दारे उघडणे आणि दिवसाची रात्र करणे या गोष्टी आज सवयीच्या वाटतात, कारण पुढच्या असंख्य गेमनी त्या इथूनच उचलल्या. जून २०११ मध्ये ग्रेझ्झो या स्टुडिओने निन्टेन्डोसाठी त्याची नवी आवृत्ती ३डीएस या हँडहेल्ड कन्सोलवर आणली. शिगेरू मियामोतो आणि एइजी आओनुमा हे मूळ गेमच्या निर्मितीतले दोघेही या पुनर्निर्मितीशी जोडलेले होते.

हा लेख प्रामुख्याने अशा खेळाडूसाठी आहे, ज्याने मूळ गेम केव्हातरी खेळला आहे आणि आता हातातल्या छोट्या पडद्यावर तो पुन्हा सुरू करायचा आहे. अशा खेळाडूची अडचण नवख्यापेक्षा वेगळी असते. नवख्याला काहीच ठाऊक नसते, म्हणून तो सावकाश पाहतो. परतणाऱ्याला पुष्कळ ठाऊक असते, पण त्यातले काही अर्धवट, काही विसरलेले आणि काही नव्या आवृत्तीत बदललेले असते. नकाशा, कोडी आणि कथा यांबाबत जुनी आठवण जवळजवळ पूर्ण भरवशाची आहे. बटणे, वस्तूंची मांडणी आणि काही नेमक्या जागा यांबाबत मात्र तीच आठवण दगा देते. पुढच्या पायऱ्या हा फरक डोळ्यांपुढे ठेवूनच मांडल्या आहेत.

पायरी पहिली : कार्ट्रिज आणि कन्सोल

३डीएसच्या ई-शॉप या ऑनलाइन दुकानातली खरेदी २७ मार्च २०२३ रोजी बंद झाली. त्यामुळे ज्याने गेम पूर्वी डिजिटल स्वरूपात घेतलेला नाही, त्याला आता कार्ट्रिजच शोधावे लागते. येथे एक गोष्ट नीट तपासावी. ३डीएसचे गेम प्रदेशबद्ध आहेत, म्हणजे जपानी कार्ट्रिज युरोपीय किंवा अमेरिकी कन्सोलवर चालत नाही. कार्ट्रिजचा आणि कन्सोलचा प्रदेश एकच असल्याची खात्री करूनच व्यवहार करावा. ३डीएस, ३डीएस एक्सएल, २डीएस आणि त्यांच्या नंतरच्या 'न्यू' आवृत्त्या या सर्वांवर हा गेम चालतो.

वापरलेले कार्ट्रिज घेतल्यास आधीच्या मालकाचा सेव्ह त्यात असण्याची शक्यता मोठी असते, कारण या गेमची प्रगती कार्ट्रिजमध्येच साठते. तो सेव्ह घाईने पुसू नये. आधीच्या मालकाने गेम पूर्ण केला असेल, तर 'मास्टर क्वेस्ट' हा दुसरा, अधिक अवघड खेळ आधीच खुला झालेला असतो. प्रथम ते पाहून घ्यावे आणि मगच काय ठेवायचे, काय पुसायचे ते ठरवावे.

पायरी दुसरी : पडदा, हालचाल आणि लक्ष्य

पहिल्या अर्ध्या तासात मांडणीच्या पर्यायांत जाऊन तीन निर्णय घ्यावेत. कथेच्या भरात ते राहून जातात आणि मग पुढे अनेक तास उगाच त्रास होतो.

पहिला निर्णय त्रिमितीय चित्राचा. मूळ ३डीएसचा वरचा पडदा ३.५३ इंचांचा आहे आणि त्याची खोली डोळ्यांसमोर नेमक्या कोनात धरल्यावरच दिसते. गुहेतला उतार, झाडाच्या पोकळ बुंध्यातली उंची, लेक हायलियाच्या पाण्यावरचा उजेड हे सारे त्या खोलीमुळे खरोखरच खुलते, म्हणून निदान पहिल्या फेरीत पडद्याच्या कडेची पट्टी अर्ध्यापर्यंत तरी सरकवून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. मात्र गोफण किंवा धनुष्य हाती घेतले की कन्सोल स्वतःच हलवून नेम धरता येतो आणि कन्सोल हलला की जुन्या ३डीएसवर चित्र दुभंगते. 'न्यू ३डीएस' चेहऱ्याचा मागोवा घेत असल्यामुळे त्यावर हा त्रास फार कमी होतो. जुन्या कन्सोलवर खेळणाऱ्याने एकतर त्रिमिती बंद ठेवावी किंवा नेम सर्कल पॅडने, म्हणजे अंगठ्याने सरकवायच्या काडीने, धरावा.

दुसरा निर्णय कन्सोल हलवून नेम धरण्याचा. पुष्कळ जुने खेळाडू हे वैशिष्ट्य नाकारतात, ते घाईचे आहे असे मला वाटते. काडीने नेम धरताना मोठी हालचाल चटकन होते, पण शेवटचा केसभर फरक साधत नाही. मनगटाने नेमके उलट घडते. काडीने लक्ष्याच्या जवळ जावे आणि शेवटचा फरक कन्सोल किंचित कलवून साधावा. दोन्हींचा असा मेळ बसला की पूर्वी रडवणारे नेमबाजीचे खेळ पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नातच जिंकता येतात. सभोवती माणसे असतील किंवा प्रवास चालू असेल, तर मात्र ही सोय बंद करणेच शहाणपणाचे ठरते.

तिसरा निर्णय नजर खिळवण्याचा. एल बटण एकदा दाबून सोडायचे की लढाई होईपर्यंत धरून ठेवायचे, असे दोन पर्याय असतात. एकाच शत्रूशी सामना असेल तर दोन्ही सारखेच, पण चारपाच वटवाघळे एकदम आली की धरून ठेवण्याची पद्धत अधिक ताब्यात राहते, कारण बोट उचलताच नजर मोकळी होते.

पायरी तिसरी : बोटांना नवी भाषा शिकवणे

जुनी आठवण सर्वांत जास्त फसवते ती इथे. निन्टेन्डो ६४वर ओकारिना या वाद्याचे सूर ए बटण आणि चार पिवळ्या सी-बटणांवर वाजत. ३डीएसवर ती बटणेच नाहीत. सूर खालून वर या क्रमाने एल, आर, वाय, एक्स आणि ए या बटणांवर बसवले आहेत. म्हणजे जुने ए आता एल झाले, सी-खाली झाले आर, सी-उजवे झाले वाय, सी-डावे झाले एक्स आणि सी-वर झाले ए. जुन्या खेळाडूच्या बोटांत ए म्हणजे सर्वांत खालचा सूर पक्का बसलेला असतो आणि नव्या मांडणीत तोच सर्वांत वरचा होतो, त्यामुळे पहिले काही दिवस चुका होणारच. कान मात्र चुकत नाही. चाल आठवावी, सूर वर जातो की खाली याकडे लक्ष द्यावे आणि बोट त्यामागे न्यावे.

रोजच्या उपयोगाची सहा गाणी पुढीलप्रमाणे आहेत. प्रत्येकाचे तीन सूर दोनदा वाजवायचे असतात.

'झेल्डाज ललबाय' : एक्स, ए, वाय.
'इपोनाज साँग' : ए, एक्स, वाय.
'सारियाज साँग' : आर, वाय, एक्स.
'सन्स साँग' : वाय, आर, ए.
'साँग ऑफ टाइम' : वाय, एल, आर.
'साँग ऑफ स्टॉर्म्स' : एल, आर, ए.

ओकारिनासाठी खालच्या टच स्क्रीनवर कायमची जागा दिलेली आहे, त्यामुळे तिच्यासाठी बटण अडवून ठेवण्याची गरज उरलेली नाही. वाय आणि एक्स या बटणांवर दोन आणि टच स्क्रीनवर आणखी दोन, अशा चार वस्तू एका वेळी हाताशी राहतात. वाय आणि एक्सवर ऐन लढाईत लागणारे ठेवावे, म्हणजे धनुष्य किंवा हूकशॉट (दूर फेकून स्वतःला ओढून नेणारा आकडा), आणि बॉम्ब. टच स्क्रीनच्या दोन जागा अशा वस्तूंना द्याव्यात, ज्यांच्यासाठी अंगठा क्षणभर हलवला तरी चालतो, म्हणजे बूट, सत्यदर्शी भिंग किंवा बाटली. नकाशा आणि वस्तूंची यादी खालच्या पडद्यावर गेल्यामुळे वरचे चित्र मोकळे राहते. चित्राचा वेगही सेकंदाला २० चौकटींवरून ३० वर गेला आहे. तलवारीचा घाव आणि ढालीची आड यांतला वेळ त्यामुळे जुन्यापेक्षा नेमका साधतो आणि हा बदल हाताला पहिल्याच लढाईत जाणवतो.

पायरी चौथी : बालपणाचा भाग, घाई न करता

डेकू ट्री या झाडाच्या पोटातला पहिला डन्जन, म्हणजे कोडी आणि शत्रूंनी भरलेली बंदिस्त जागा, बहुतेकांना पाठ असतो. दोन जागा तेवढ्या आठवून ठेवाव्यात. तळमजल्यावरचे जाळे फोडण्यासाठी वरच्या मजल्यावर चढून थेट त्यावर उडी घ्यावी लागते आणि शेवटच्या तीन डेकू स्क्रबना दोन, तीन, एक या क्रमानेच हरवावे लागते. डोडोंगोच्या गुहेत मोठ्या कवटीच्या दोन्ही डोळ्यांत वरच्या पुलावरून बॉम्ब टाकायचे असतात आणि शेवटच्या लढाईत किंग डोडोंगो श्वास ओढण्यासाठी तोंड उघडतो त्या क्षणी बॉम्ब आत फेकायचा असतो.

डन्जनच्या मधल्या वेळात मात्र पुष्कळ जण फार भराभर पुढे जातात. मास्टर स्वोर्ड ही तलवार उपसली की लिंक मोठा होतो आणि फॉरेस्ट टेम्पल हा डन्जन पूर्ण होईपर्यंत बालपणात परतता येत नाही, म्हणून तलवारीला हात लावण्यापूर्वी पुढील कामे उरकलेली असावीत.

काकारिको गावाच्या स्मशानात फुले ठेवलेले एक थडगे आहे. ते ओढून आत उतरल्यास हायलियन ढाल फुकट मिळते. दुकानात तिच्यासाठी ८० रुपी (गेममधले चलन) मोजावे लागतात आणि लाकडी डेकू ढाल आगीत जळते, हे लक्षात घेतले म्हणजे या थडग्याचे मोल कळते. बाल लिंकला ती ढाल पेलवत नाही, तो तिच्याखाली कासवासारखा बसतो, परंतु डोंगरावरून कोसळणाऱ्या दगडांपासून त्याच बसण्याने त्याचा बचाव होतो. त्याच स्मशानात मागच्या मोठ्या थडग्यापुढे 'झेल्डाज ललबाय' वाजवून खाली उतरावे आणि 'सन्स साँग' शिकून घ्यावे. दिवसरात्र बदलण्यासाठी आणि जागीच खिळवून टाकणाऱ्या रीडेड प्रेतांना गोठवण्यासाठी ते शेवटपर्यंत लागते.

काकारिकोतच कोंबड्या सांभाळणाऱ्या मुलीच्या सात कोंबड्या खुराड्यात पोहोचवल्या की पहिली बाटली मिळते. डेथ माउंटनच्या शिखरावरच्या ग्रेट फेअरीकडून जादूची पट्टी मिळते आणि हायरूल किल्ल्याजवळ दगडामागे दडलेल्या दुसऱ्या फेअरीकडून 'डिन्स फायर'. हे दुसरे वरदान अनेक जण ऐच्छिक समजून सोडून देतात आणि कितीतरी तासांनी शॅडो टेम्पलच्या दाराशी येऊन अडतात, कारण तिथल्या सगळ्या मशाली एकदम पेटवायला तेच लागते. लॉन लॉन रँचवर मॅलनकडून 'इपोनाज साँग' शिकावे. मोठेपणी इपोना ही घोडी मिळवायची तर ते आधी यायलाच हवे. लेक हायलियाच्या बुजगावण्याला आठ सुरांचे स्वतःचे गाणे शिकवून ठेवावे. मोठेपणी तेच गाणे वाजवले की बुजगावणे उंच जागी प्रकट होते आणि हूकशॉटने त्याला धरून वर जाता येते.

झोरा नदीकाठी जादूच्या बिया विकणारा बसलेला असतो. पहिली बी १० रुपींना मिळते आणि पुढची प्रत्येक बी आधीच्यापेक्षा १० रुपींनी महाग होते. दहाही घ्यायच्या तर एकूण ५५० रुपी लागतात आणि सुरुवातीच्या बटव्यात ९९ च मावतात, म्हणून हे काम टप्प्याटप्प्याने करावे. मऊ मातीचा ठिपका दिसला की बाटलीतले किडे तिथे सोडावेत. त्यातून एक सोनेरी स्कल्टुला कोळी बाहेर येतो, तो मारावा आणि मगच बी पेरावी. हा क्रम उलटा करण्याची चूक परतणाऱ्यांकडून हटकून होते.

पायरी पाचवी : मोठेपणीची टेम्पल

फॉरेस्ट टेम्पलपूर्वी स्मशानात डाम्पे या थडगी खणणाऱ्याच्या भुताशी धावण्याची शर्यत लावून हूकशॉट मिळवावा. टेम्पलमधल्या चार पो भगिनींपैकी (पो म्हणजे भूत) पहिल्या दोघी चित्रांतून पळतात. बाण मारण्यापूर्वी चित्रात खरोखर कोण आहे ते नीट पाहावे. शेवटी फँटम गॅनॉन घोड्यावरून एका चित्रातून येतो आणि दुसऱ्या चित्रातून हुलकावणी देतो. खोलीच्या मधोमध उभे राहून गोल फिरत राहावे आणि जो स्वार वाट अर्धी सोडून मागे वळत नाही, त्याच्यावरच बाण सोडावा.

फायर टेम्पलसाठी लाल गोरॉन अंगरखा आवश्यक आहे. गोरॉन सिटीत अखंड लोळत फिरणाऱ्या छोट्या गोरॉनला बॉम्बने थांबवून त्याच्याशी बोलले की तो मिळतो. पुढे मेगाटन हॅमर हाती आला की तोच इथल्या व्हॉल्वेजिया या ड्रॅगनविरुद्धचे मुख्य शस्त्र होतो.

वॉटर टेम्पलबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण जुन्या खेळाडूच्या मनात धास्ती असते ती याच जागेची आणि पुनर्निर्मितीने सर्वांत विचारपूर्वक हात लावला आहे तोही इथेच. मूळ गेममध्ये लोखंडी बूट हे पोशाखाचा भाग होते. पाण्यात बुडायचे किंवा वर यायचे तर दर वेळी गेम थांबवून, पान उलटून, बूट घालावे किंवा काढावे लागत आणि हे शेकडो वेळा करावे लागे. आता बूट ही साधी वस्तू आहे, ती बटणावर लावता येते आणि एका दाबात पाय जड किंवा हलके होतात. याखेरीज पाण्याची पातळी बदलणाऱ्या तीन जागांकडे नेणारे रंगीत पट्टे भिंतींवर आखले आहेत.

तरीही कोडे तेच आहे आणि ते असे सोडवावे. प्रवेश करताना पाणी सर्वांत वर असते. बूट घालून तळाशी जावे, पूर्वेच्या बाजूला झोरा राजकन्या रुटो भेटते, तिच्यामागून वर जावे आणि ट्रायफोर्सच्या चिन्हापुढे 'झेल्डाज ललबाय' वाजवून पाणी तळाला न्यावे. त्या पातळीवर जिथे जिथे जाता येते, तिथे तिथे जाऊन सर्व खोल्या संपवाव्यात, मगच पुढची पातळी बदलावी. या टेम्पलमध्ये वाट हरवते ती बहुधा हा नियम मोडल्यामुळे. दुसरे चिन्ह मधल्या मनोऱ्याच्या आत आहे. ते वाजवून पाणी मध्यावर आणले की मनोऱ्यातच एक ठोकळा पाण्याबरोबर तरंगत वर जातो आणि त्याखालचे भोक उघडे पडते. बहुतेकांना न सापडलेली लहान किल्ली त्या भोकातून खाली गेल्यावर मिळते. पाणी वर येताना माणूस स्वाभाविकपणे वर पाहतो आणि वाट असते पायाखाली. किल्ली कमी पडते आहे असे वाटले, तर सर्वांत आधी इथे यावे.

डार्क लिंक हा प्रतिस्पर्धी आपलेच तलवारीचे घाव आपल्यावर उलटवतो. त्याच्याशी तलवारीने झुंजत बसण्यापेक्षा मेगाटन हॅमर किंवा 'डिन्स फायर' वापरावे. त्यानंतर हूकशॉटची लांब दोरीची आवृत्ती, म्हणजे लाँगशॉट, मिळते.

शॅडो टेम्पलपूर्वी काकारिकोच्या पवनचक्कीत मोठेपणी 'साँग ऑफ स्टॉर्म्स' शिकावे, मग बालपणात परतून तेच गाणे तिथे वाजवावे. विहिरीचे पाणी ओसरते आणि आत उतरून सत्यदर्शी भिंग मिळवता येते. भिंग डोळ्यापुढे असेपर्यंत जादू खर्च होत राहते, म्हणून एक नजर टाकून ते लगेच बंद करण्याची सवय लावावी. विहिरीतला डेड हँड हा प्राणी जमिनीतून निघालेल्या एखाद्या हाताने आपल्याला पकडू दिल्याशिवाय समोर येत नाही. ते भयंकर वाटते, पण तोच मार्ग आहे. स्पिरिट टेम्पल दोन वयांत विभागलेले आहे. वाळवंट पार करून तिथे मोठेपणी 'रेक्विएम ऑफ स्पिरिट' शिकावे, लहानपणी परतून सिल्व्हर गाँटलेट्स घ्यावेत आणि पुन्हा मोठे होऊन उरलेला भाग संपवावा.

वये बदलण्याचा प्रवास वाचवणारी एक साधी युक्ती सांगतो. मोठेपणी गेम सेव्ह करून पुन्हा सुरू केला, तर डन्जनबाहेर असल्यास लिंक टेम्पल ऑफ टाइममध्येच उभा असतो. बालपणी तो स्वतःच्या घरात असतो आणि डन्जनमध्ये असल्यास त्याच डन्जनच्या दाराशी. बॅटरीच्या दृष्टीनेही हे उपयोगी आहे. मूळ ३डीएस अशा गेममध्ये साधारण ३ ते ५ तास चालतो. झाकण मिटले की गेम जिथल्या तिथे थांबतो, परंतु बॅटरी पूर्ण संपली तर न साठवलेली प्रगती जाते. थोड्या वेळासाठी झाकण मिटावे, पण दिवस संपताना सेव्ह केल्याशिवाय कन्सोल खाली ठेवू नये.

पायरी सहावी : अडल्यावर काय करावे

नव्या आवृत्तीत शीका स्टोन नावाचे दगड आहेत. त्यांतला एक लिंकच्या घराजवळ आणि दुसरा टेम्पल ऑफ टाइमपाशी आहे. त्यात शिरले की पुढच्या अडथळ्याची छोटी दृश्ये पाहायला मिळतात. ही दृश्ये उत्तराचा एक तुकडा दाखवतात, पूर्ण वाट सांगत नाहीत. म्हणूनच बाहेरच्या नकाशांकडे जाण्याआधी यांचा उपयोग करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कोडे सुटल्याचा आनंद त्यामुळे आपल्याकडेच राहतो. मीही आधी खोलीभर एक फेरी मारतो, छतापासून जमिनीपर्यंत सर्व पाहतो आणि तरीही काही सुचले नाही तरच दगडाकडे जातो.

पायरी सातवी : गोळा करण्याच्या गोष्टी

सोनेरी स्कल्टुला कोळी एकूण १०० आहेत आणि प्रत्येक मारल्यावर एक चिन्ह मिळते. १० चिन्हांवर २०० रुपींचा बटवा, ३० वर ५०० रुपींचा बटवा आणि ५० वर हृदयाचा तुकडा मिळतो. शंभर पूर्ण केल्यावरचे बक्षीस रुपींचेच असल्यामुळे ज्याला केवळ फायदा हवा आहे, त्याने ५० वर थांबले तरी चालेल. २० चिन्हांवर मिळणारी वस्तू मात्र बदलली आहे. निन्टेन्डो ६४वर ती कंट्रोलरला जोडलेल्या रंबल पॅकच्या थरथराटातून दडलेल्या जागा सांगत असे. ३डीएसमध्ये थरथर नाही, म्हणून आता ती आवाजाने आणि पडद्यावरच्या खुणेने सांगते. ती मिळाल्यावर आवाज बंद ठेवून खेळू नये. हृदयाचे तुकडे ३६ आहेत आणि चार तुकड्यांचे एक हृदय होते.

बिगोरॉनची तलवार मिळवण्याची साखळी लांबलचक आहे, पण तिच्याइतके समाधान या गेममध्ये दुसऱ्या फारशा कामात नाही. सुरुवात मोठेपणी कोंबड्यांच्या मुलीकडून अंडे घेऊन होते. अंड्यातून निघालेल्या कोंबड्याने मॅलनच्या वडिलांना, टॅलॉनला, जागे करावे आणि पुढे एकाच्या बदल्यात दुसरी अशा वस्तू नेत जावे. मशरूम, डोळ्यांचा बेडूक आणि डोळ्यांचे औषध या तीन टप्प्यांवर वेळेची मर्यादा असते आणि त्या वेळी स्थलांतराची गाणी कामी येत नाहीत, कारण ती वाजवली की वस्तू वाया जाते. म्हणून इपोना मिळाल्यावरच ही साखळी हाती घ्यावी आणि वाट आधी एकदा मोकळ्या हाताने धावून पाहावी. बेडूक झोरा राजाकडून मिळतो आणि राजा बर्फात गोठलेला असतो, त्यामुळे बर्फाच्या गुहेतला निळा अग्नी बाटलीत भरून ठेवणे क्रमप्राप्त आहे. शेवटी पावती हाती आल्यावर काही दिवस थांबावे लागते. 'सन्स साँग' वाजवून ते दिवस चटकन सरतात. ही तलवार दोन हातांनी धरायची असल्याने ढाल वापरता येत नाही, हे मोठ्या लढाईपूर्वी विसरू नये.

पायरी आठवी : शेवट आणि त्यानंतर

गॅनॉनच्या किल्ल्यात जाण्यापूर्वी बाटल्यांत परी भरून घ्याव्यात. खलनायक गॅनॉनडॉर्फला हरवल्यावर कोसळत्या किल्ल्यातून ३ मिनिटांत बाहेर पडायचे असते. त्या धावपळीत शत्रूंशी अडून राहू नये. दार उघडण्यासाठी मारणे भाग असेल तेवढ्यांनाच मारावे. शेवट पाहून झाल्यावर गेम पुन्हा सुरू केला की लिंक अंतिम लढाईपूर्वीच्या स्थितीत असतो, त्यामुळे राहिलेले स्कल्टुला आणि हृदयाचे तुकडे नंतरही गोळा करता येतात.

लिंकच्या घरातल्या पलंगावर झोपल्यास हरवलेल्या बॉसशी पुन्हा लढता येते आणि प्रत्येक लढाईचा वेळ नोंदला जातो. धनुष्याचा नेम आणि ढालीचा अचूक क्षण हातात बसवायला यापेक्षा चांगली तालीम नाही. मास्टर क्वेस्ट सुरू करायचा असेल, तर काही दिवस ही तालीम जरूर करावी.

मास्टर क्वेस्टमध्ये डन्जनची कोडी वेगळी आहेत. ती मुळात गेमक्यूबवर २००२-०३ मध्ये आली होती. ३डीएसवर त्यात आणखी दोन बदल झाले. शत्रूंचा मार दुप्पट बसतो आणि सगळे जग आरशात पाहावे तसे उलटे होते. डावखुरा लिंक तिथे उजव्या हातात तलवार धरतो, ओळखीचा रस्ता नेमका दुसऱ्या बाजूला वळतो आणि तोपर्यंत भरवशाची असलेली नकाशाची आठवणही दगा देऊ लागते. तिथे वळण घेताना आठवणीतली दिशा मनात म्हणावी, तिच्या उलट जावे आणि प्रत्येक खोलीत शिरताच खालच्या पडद्यावरचा नकाशा पाहावा. हृदयांचे तुकडे आधी गोळा करून मगच मोठे डन्जन घ्यावेत, कारण तीन हृदयांवर दुप्पट मार फार काळ सोसवत नाही. आणि जाबू-जाबू या महाकाय माशाच्या पोटात भिंतीतून गायींची तोंडे बाहेर आलेली दिसली, तर गोंधळून न जाता गोफण काढून त्यांच्यावर नेम धरावा. तिथली कळ तीच आहे.